कासवांचे खरे नातलग

मा. संपादक यांस,

गेल्या अंकातील लेखाने कासवांना सरपटणाऱ्या प्राण्यांतील सर्वांत आदिम शाखा ठरवले. आधार एकच: कवटीत डोळ्यांमागे छिद्रे नाहीत. विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकांत हे चालून गेले, आज चालत नाही.

जर्मनीतील सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पॅपोकेलिसचे वर्णन २०१५ मध्ये झाले. कासवांच्या या पूर्वजवंशीय प्राण्याच्या कवटीत डोळ्यामागे प्रत्येक बाजूला दोन छिद्रे आहेत. म्हणजे कासवांची छिद्रे पुढे बुजली.

डीएनएचा पुरावा तर लेखात औषधालाही नाही. हिरवे समुद्री कासव आणि चिनी मऊ पाठीचे कासव यांचे जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार कासवे सरडे-सापांपेक्षा मगरी आणि पक्ष्यांना जवळची आहेत.

‘कवच एकाएकी आले’ हे विधानही चूक. चीनमधील गुइझोऊ प्रांतातील ओडोन्टोकेलिस या जीवाश्म कासवाला (सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे) पोटाचे कवच पूर्ण होते, पाठीचे नव्हते. शिवाय जबड्यात दात होते.

जीवाश्मांच्या काही विश्लेषणांत कासवांची जागा अजूनही बदलते, एवढे मान्य. पण जुने मत निर्विवाद म्हणून छापणे विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. दुरुस्ती पुढच्याच अंकात द्यावी.

कळावे,
एक वाचक