मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके

कोपरला राहतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे कोपरखैरणे ना?" नाही हो. दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये येतं ते कोपर. वर वसई मार्गाची गाडी थांबते, खाली मध्य रेल्वेची लोकल. मूळ वस्ती आगरी समाजाची, मग चाळी आल्या, मग इमारती. इमारतीसुद्धा अशा की खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या ग्रिलला लागेल.

२०२४च्या मे महिन्यात मागच्या गल्लीत हळद होती. रात्री साडेदहाला आमच्या कपाटाची काच थरथरत होती. अम्मीचं वय एकोणऐंशी, हृदयात दोन स्टेंट. ती पलंगावर उठून बसली होती आणि तळहात छातीवर दाबून म्हणाली, "बाहेरचं वाजतंय की आतलं, तेच कळेना झालंय." काही सुचेना म्हणून मी घड्याळ लावून ठोके मोजले. पंधरा सेकंदांत बत्तीस. म्हणजे मिनिटाला एकशे अठ्ठावीस.

ती सवयच लागली. सप्टेंबरात विसर्जनाची मिरवणूक गेली तेव्हा मोजले, तेवढेच. त्याच आठवड्यात मिलादचा जुलूस निघाला. टेम्पोवर स्पीकरची भिंत, हिरवे झेंडे, आणि एक जुनी, अम्मीच्या तोंडी लहानपणापासून ऐकलेली नात. पण तिच्या खाली तोच 'धड् धड् धड् धड्'. मी पुन्हा मोजले. एकशे अठ्ठावीस.

हळदीची गाणी वेगळी, बाप्पाची वेगळी, नात वेगळी. भाषा आणि भाव वेगळे. मग हा ठोका एकच कसा? तो आला कुठून?

तो आला अमेरिकेतल्या शिकागो शहरातून. १९७७च्या सुमारास तिथे 'द वेअरहाउस' नावाचा क्लब सुरू झाला आणि फ्रँकी नकल्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण तिथे रेकॉर्ड लावू लागला. नाचायला येणारे बहुतेक काळे, लॅटिनो आणि समलिंगी तरुण. गोऱ्यांच्या क्लबात ज्यांना दारातूनच परत पाठवलं जाई, अशी ही मंडळी. त्या क्लबच्या नावावरूनच या संगीताला 'हाउस' हे नाव पडलं असं सांगतात. १२ जुलै १९७९ला त्याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटकं लावून उडवला गेला. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे काळ्यांचं आणि समलिंगींचं संगीत, हा राग त्यात होता असं पुढे अनेकांनी लिहून ठेवलं आहे. 'त्यांचं' संगीत नको, ही भाषा आपल्याला अनोळखी नाही.

मैदानात जे उडवलं गेलं, ते क्लबात नव्या रूपात उभं राहिलं. त्याला हातभार लावला जपानी यंत्रांनी. रोलँड कंपनीने १९८०मध्ये टीआर-८०८ आणि १९८३मध्ये टीआर-९०९ ही तालयंत्रं काढली. ज्यांच्याकडे वाद्यवृंद उभा करायला पैसे नव्हते अशा पोरांनी ती हाती घेतली. दर मात्रेला एक जड ठोका, मधल्या जागेत झांजेसारखं 'छिस्', आणि त्यावर टाळी. गाणं असो नसो, ताल पुरे. १९८७च्या जानेवारीत शिकागोच्या स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचं 'जॅक युअर बॉडी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द जवळजवळ नाहीतच, सगळा खेळ ठेक्याचा. तिथून हा ठेका जगभर फिरला आणि फिरत फिरत कोपरच्या गल्लीत आला.

यात आपल्या मुंबईचंही एक पान आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. त्यांनी रोलँडचीच नवी यंत्रं आणली आणि १९८२मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला दिल्लीत तिची प्रत सापडली, २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, आणि युरोपातले जाणकार चकित झाले. शिकागोत १९८७मध्ये ज्या 'ॲसिड हाउस'ने धुमाकूळ घातला, त्याच्यासारखंच हे पाच वर्षं आधी मुंबईत वाजलं होतं. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग परदेशातल्या मंचांवर जाऊन वाजवून आले. २०१५मध्ये त्यांचं निधन झालं. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या माणसांच्या हाती पडलं, एवढंच.

म्हणून 'हे पाश्चात्त्य खूळ आहे' असं म्हणून या ठेक्याला हाकलणाऱ्यांत मी नाही. आपण ज्याला अस्सल मराठी मिरवणुकीचा आवाज समजतो, त्यातला बेंजो हा जपानच्या ताइशोगोतोचा भाऊ. ऑक्टोपॅडही जपानीच. आणि बेंजो पार्टीशिवाय आमच्या भागातली जुनी वरात कुणी आठवून दाखवावी. बाहेरून आलेलं वाद्य इथल्या हातांनी वाजवलं की ते इथलं होतं.

माझा मुद्दा त्या हातांचाच आहे.

माझे मामू एका बेंजो पार्टीत साइड रिदमला होते. दिवसभर कारखान्यात काम आणि लग्नसराईत रात्री वाजवणं. पार्टीत बाराजण. बेंजोवर एक आगरी, ढोलकीवर एक बौद्ध, ताशा दोन, मामू ऑक्टोपॅडवर. सुपारी गणपतीची असो, हळदीची असो की संदलची, माणसं तीच. संदलला नारळ फोडायचा नाही आणि गणपतीला चपला घालून वाजवायचं नाही, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. घरासमोर कुणी आजारी असेल तर यजमान येऊन हात वर करायचा आणि पुढच्या चार घरांपर्यंत फक्त ढोलकी चालायची. वाजवणारा माणूस असला की त्याला सांगता येतं.

आता टेम्पो येतो. एक जनरेटर, एक ऑपरेटर, एक लॅपटॉप. बाराजणांचं काम एकजण करतो. मामूंची पार्टी आधी सहाजणांवर आली, मग बंद पडली. हळगी, संबळ, ढोलकी यांचे तुकडे संगणकात आहेतच. ते त्या एकशे अठ्ठावीसच्या ठोक्यावर चिकटवले की झालं मिक्स. पण बहुतेक कोळीगीतांना सहा मात्रांचा जो होडीसारखा हेलकावा असतो, तो या सरळ चार ठोक्यांत बसत नाही. मग हेलकावा काढून टाकतात. नातीचंही तसंच. नात श्वासावर चालते, गाणारा एका शब्दावर थांबतो, ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. ठोका कुणासाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, आणि सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. दहाने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीसने वाढला की शंभरपट. त्यात हा जड ठोका खालच्या पट्टीतला. साठ हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. ती खिडकी बंद करून अडत नाही, भिंतीतून येते. म्हणून अम्मीला तो कानात नाही, छातीत ऐकू येतो.

२०१८मध्ये विसर्जनात डीजे-डॉल्बीची परवानगी मागणाऱ्या ध्वनियंत्रणा व्यावसायिकांना मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला नाही. सप्टेंबर २०२४मध्ये मिलादच्या जुलूसमधल्या डीजेविरुद्धची याचिका त्याच न्यायालयापुढे आली. तेव्हा न्यायालयाने सांगितलं त्याचा आशय असा, की जे गणेशोत्सवात अपायकारक आहे ते ईदलाही अपायकारकच. यावर आपल्यातले काही नाराज झाले. मी झालो नाही. मला ते फार सरळ वाटलं.

कारण आपण दोन तोंडांनी बोलतो. एकीकडे घरात मुलीने गाणं म्हटलं तर 'संगीत हराम' म्हणून तिला गप्प करणारे आपल्यात आहेत. त्यांच्यातलेच काही जुलूसच्या डीजेची वर्गणी गोळा करतात. नमाजच्या वेळी मशिदीसमोर डीजे थांबला तर आपला संताप होतो, आणि तो रास्तच आहे. चिडवण्यासाठी मुद्दाम तिथेच थांबणारे आणि आवाज वाढवणारेही आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण आपला टेम्पो ज्या गल्लीतून जातो, तिथेही कुणाची तरी अम्मी छातीवर हात ठेवून बसलेली असते. ती कुणाची आजी असेल, कुणाची आई असेल. तिने तक्रार कुणाकडे करायची?

मी हे जुलूसच्या कमिटीच्या बैठकीत बोललो. एक बुजुर्ग म्हणाले, "डीजे नसेल तर पोरं येणारच नाहीत." एक तरुण उठला, "चाचा, त्यांचं चालतं, मग आपणच का थांबवायचं?" बरेचजण हसले. मला हसू आलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. एकाला दंड आणि दुसऱ्याकडे काणाडोळा, असं होतं. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ते बोलण्याचा अधिकार आपला टेम्पो बंद असेल तेव्हाच जास्त वजनदार होतो.

शिवाय आपणच थांबण्याची रीत आपल्याला नवी नाही. २०२३मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईतला मोठा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिमांनीच ठरवलं. २०२४मध्येही तो पुढे ढकलला. त्याने कुणाचा दीन कमी झाला नाही. ज्यांना एक दिवस मागे घेता आला, त्यांना आवाजाचं बटण खाली घेणं जड का जावं?

पोरं येणार नाहीत, हेही मला पूर्ण पटत नाही. पोरांना ठेका हवा आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. शिकागोच्या पोरांनाही तोच हवा होता. तो त्यांच्या हातात द्या. लग्नात दफ वाजवण्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, मग दफ कुणाला खुपणार? वीस पोरांना तीन महिने शिकवायला डीजेच्या एका रात्रीच्या बिलापेक्षा जास्त खर्च येत नाही. मामू अजून आहेत. हात थरथरतात, पण ठेका सुटत नाही.

डिसेंबरात मागच्या गल्लीतल्या काकांच्या नातवाची हळद झाली. त्यांचीही बायपास झालेली. त्यांनी डीजे सांगितलाच नाही, पनवेलकडून बेंजो पार्टी आणली. दहाला बंद. अम्मी खिडकीत खुर्ची टाकून बसली होती आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होती. मी सवयीने घड्याळ लावलं. मोजता आलं नाही, कारण नवरदेव नाचायला आला की ढोलकीवाला वेग वाढवत होता आणि आजी नाचायला आली की कमी करत होता.

कमिटीची पुढची बैठक शाबानमध्ये आहे. मी पुन्हा हेच बोलणार आहे. या वेळी मामूंना सोबत नेणार आहे.