सोळा सेकंद कुणाचे?

सोलापूर जिल्ह्यात सध्या दोन पक्ष आहेत आणि निवडणूक आयोगाकडे त्यांची नोंद नाही. एक मोहोळचा, दुसरा मंगळवेढ्याचा. मोहोळकरांचा सिकंदर शेख, मंगळवेढेकरांचा शिरसीचा महेंद्र गायकवाड. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती गटातून किताबाच्या लढतीला कोण जाणार, हे ठरवणारी कुस्ती या दोघांतच लागली. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर दोघांच्या कितीतरी कुस्त्या झाल्या, पण त्या चार गुणांचा निकाल टपरीवर अजून लागलेला नाही.

वादाला आमची हरकत नाही. बोरामणीच्या शेख घरातल्या तिघा भावांनी, म्हणजे इस्माईल यांनी १९८० साली, आप्पालाल यांनी १९९२ साली आणि मुन्नालाल यांनी २००२ साली, महाराष्ट्र केसरीची गदा आणली. करमाळा तालुक्यातल्या खडकीच्या बाला रफिक शेखने २०१८ साली जालन्यात अभिजित कटकेला हरवून तीच गदा उचलली. अशा जिल्ह्यात कुस्तीवर भांडायचे नाही तर कशावर भांडायचे? पट काढला की टांग लावली, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 'माझा पैलवान भारी की तुझा', हा वाद शंभर वर्षे चालला तरी चालू द्यावा.

पण या वादात अलीकडे दुसराच प्रश्न शिरला आहे. भारी असलेल्या पैलवानाने वागावे कसे? आणि या प्रश्नाचे जे उत्तर कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येते, त्याला मात्र हरकत घेतलीच पाहिजे. ते उत्तर असे, की आपला असेल तर त्याचा संताप रास्त, दुसऱ्याचा असेल तर तो माजला.

२ फेब्रुवारी २०२५ चा दिवस आठवा. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीचा समारोप होता. गादी गटात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती. (हा मोहोळ आडनावाचा, पुणे जिल्ह्यातला, आमच्या मोहोळ गावाने उगाच हुरळून जाऊ नये.) पंचांनी राक्षे चीतपट झाल्याचा निर्णय दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षेचे म्हणणे. त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ घातली. मग किताबाची लढत मोहोळ आणि आपला महेंद्र यांच्यात झाली. मोहोळला मिळालेल्या एका गुणावरून महेंद्र भडकला, पंचांना शिवीगाळ केली आणि मैदान सोडून चालता झाला. तेव्हा सोळा सेकंद बाकी होते. मोहोळ २-१ ने महाराष्ट्र केसरी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

त्यानंतर जिल्ह्यात जी चर्चा झाली ती सगळी पंचांबद्दल. पंच विकले गेले होते, पंचांना दिसत नव्हते, पंच अमक्याचे होते. एका माजी महाराष्ट्र केसरीने तर लाथ कमीच पडली, अशा अर्थाचे विधान करून आगीत आणखी तेल ओतले. पुढे चौकशी होऊन राक्षेच्या कुस्तीच्या पंचांवरही तीन वर्षांची बंदी आली, तेव्हा 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' असा जल्लोष झाला. चौकशीने पंच चुकल्याचे ठरवले, लाथ बरोबर असल्याचे ठरवले नाही, एवढे लक्षात घ्यायला कुणाला सवड नव्हती. उलट चौकशीने एक गोष्ट दाखवून दिली. तक्रारीची वाट होती, ती चालली, आणि तिच्यासाठी पाय उचलण्याची गरज नव्हती.

आमचा मुद्दा मात्र पंचांचा नाहीच. त्या सोळा सेकंदांचा आहे. ते सोळा सेकंद कुणाचे होते?

महेंद्रचे नव्हते. कुस्तीगीर संघाचेही नव्हते. गावाकडून टेम्पो भरून, डबा बांधून जे शौकीन अहिल्यानगरला गेले होते, त्यांचे होते. एका गुणाचा फरक आणि सोळा सेकंद म्हणजे कुस्तीत बराच वेळ. एक पट निघतो, एक टांग बसते, कोथरूडला बसली तशी. ज्या महेंद्रने एका डावात चार गुण घेतले, त्याला सोळा सेकंदांत एक गुण फेडता आला नसता असे कोण म्हणेल? तो प्रयत्न बघायला माणसे आली होती. ती बघायची राहिली. पंचावर राग काढताना महेंद्रने हिसका दिला तो शौकिनांना. आणि शौकीन त्याची बाजू घेऊन पंचाला शिव्या देत घरी आले!

भारी खेळाडूने वागावे कसे, हा प्रश्न आमच्यापुरता नाही, म्हणून आता जरा लांबचे बघू. गोल्फ हा आमच्याकडे फारसा कुणी न खेळलेला खेळ, पण त्यातला टायगर वुड्स सगळ्यांना ऐकून माहीत. १९९७ साली ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा त्याने बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली, २००० सालची यूएस ओपन पंधरा फटक्यांनी. एकेका फटक्याने किताब फिरतात त्या खेळात हे वर्चस्व म्हणजे दर कुस्ती पहिल्याच डावात चीतपट. पण तो प्रेक्षकांकडे बघत नाही, लहान पोरांना सही देत नाही, फटका चुकला की शिव्या घालतो, अशी कुरकुर त्याच्या भरभराटीच्या काळातही होतीच. २००२ साली एका प्रेक्षकाने फटक्याच्या ऐन वेळी फोटो काढला, तर वुड्सच्या कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, त्याच्या हातातला कॅमेरा हिसकावून तळ्यात फेकला. २०११ साली दुबईत वुड्स हिरवळीवर थुंकला, म्हणून त्याला दंड झाला. (लाल मातीत थुंकणाऱ्या पैलवानाचे आमच्याकडचा वस्ताद काय करील, ते इथे छापण्याजोगे नाही.)

आणि प्रेक्षक तरी कुठे धुतल्या तांदळाचे? सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेजला गोल्फचाच, अमेरिका विरुद्ध युरोप असा, रायडर कप झाला. युरोपकडून खेळणाऱ्या रोरी मॅकिलरॉयला अमेरिकी प्रेक्षकांनी दिवसभर घाण शिव्या दिल्या. गर्दीतून फेकलेले पेय त्याच्या बायकोला लागले. मैदानावर सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनेच शिवीच्या घोषणेत सूर मिसळला, आणि मग तिला काम सोडावे लागले. मॅकिलरॉयनेही प्रेक्षकांना शिवीनेच उत्तर दिले. जिथे फटक्याच्या वेळी खोकलेले चालत नाही, त्या खेळाची ही गत. म्हणजे पैसा, शिक्षण, इस्त्रीचे कपडे यांनी प्रेक्षक सुधारतो हा समज सोडून द्यावा.

आमच्या जत्रेतल्या फडात मात्र प्रेक्षकाचे नाते गोल्फसारखे दोरीपलीकडचे नसते. हलगी वाजते, पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, सलामी देतो, कुस्ती मारतो आणि मग मैदानाला फेरी घालतो. म्हातारा धोतराच्या सोग्यातून दहाची नोट काढून त्याच्या हातात ठेवतो. वर पन्नास हजारांचे इनाम लागलेले असले तरी ती दहाची नोट पैलवान कपाळाला लावून घेतो. आम्हाला वाटते, खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातला याहून सरळ व्यवहार जगात दुसरा नसेल. पैसे देणारा समोर, घेणारा समोर, आणि मधे कुणी नाही.

हा व्यवहार बिघडवला तो नामांकित पैलवानांनी, आणि त्यांना तसे करू दिले ते यात्रा कमिट्यांनी. मोठे नाव पोस्टरवर छापायचे, त्याला बोलावण्यासाठी पट्टी गोळा करायची. पैलवान संध्याकाळी उशिरा गाडीतून उतरणार, मागे आठ-दहा पोरे मोबाईल धरून, कपडे काढण्याआधी सेल्फी. मग शेवटची, मानाची कुस्ती लागते आणि अर्धा तास नुसती खडाखडी. मान धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. अंधार पडतो. कमिटीचा माणूस घड्याळ बघतो, आमदारांना पुढच्या गावाला जायचे असते. कुस्ती बरोबरीत सुटते, इनाम वाटून दिले जाते. प्रेक्षकाने 'नुरा, नुरा', म्हणजे ठरवून केलेली कुस्ती, म्हणून ओरडायचे आणि घरी जायचे. हा अपमान लाथेइतका ठळक नाही, त्याचा व्हिडिओ फिरत नाही, त्यावर बंदी येत नाही. पण दर वर्षी, दर हंगामात, गावोगाव होतो.

सिकंदरवर लोकांनी जीव टाकला तो अशा बेनिकाल कुस्त्यांना कंटाळूनच, हे विसरता कामा नये. हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, म्हणून टाकला, हे अर्धे खरे. खरे कारण हे, की त्याच्या कुस्तीला निकाल असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला त्याने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीतपट केले आणि गदा घेतली. लांबून आलेल्या माणसांसमोरची कुस्ती पापणी लवायच्या आत संपली, तरी कुणी पैसे वाया गेल्याची तक्रार केली नाही. शौकीन वेळ मोजत नाही, निकाल मागतो.

पण याच सिकंदरच्या प्रेमापायी कोथरूडच्या त्या कुस्तीनंतर पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. काहींनी त्यात धर्म ओढला, काहींनी जिल्हा, काहींनी पक्ष. या मंडळींतले किती जण गुणांचा नियम वाचून बोलत होते? प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले तर दोन गुण, आणि खाली घेताना त्याची पाठ मातीकडे वळून तो धोक्याच्या स्थितीत आला तर चार. पाठ किती वळली, हे पंचाने क्षणात ठरवायचे. आमची नजर तयार झाली निकाली कुस्तीवर, दोन्ही खांदे टेकले की नाही एवढेच बघणारी. पंचाच्या हातात पुस्तक दुसरे. या दोहोंतले अंतर कमी करायला काही खर्च लागत नाही. निर्णय दिल्यावर पंचांनी माईकवरून दोन वाक्यांत कारण सांगावे आणि मैदानातल्या पडद्यावर तो डाव पुन्हा दाखवावा. पडदा असतोच. सध्या त्यावर पाहुण्यांचे सत्कार दिसतात.

संघटनांबद्दल एकच सांगतो. त्यांना पैलवानाला शिस्त लावायचा अधिकार आहे, पण तोंड नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला हरलेला राक्षे त्याच महिन्यात धाराशिवला झालेल्या दुसऱ्या महाराष्ट्र केसरीत जिंकून डबल केसरी झाला. २०२५ साली फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक केसरी झाला आणि मार्चअखेर त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला दुसरा. तिथे आपल्या सोलापूरच्या वेताळ शेळकेने गदा मारली. त्याचे अभिनंदन आहेच. पण दोन संघटना, दोन गदा, दोन मंडप, तर मग सगळ्यात भारी कोण हे शौकिनाने ठरवायचे कशावरून? १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा गदा एक होती. ज्यांना एक गदा सांभाळता येत नाही, त्यांनी पैलवानाला संयम शिकवावा, हे ऐकायला बरे वाटत नाही.

मंगळवेढ्याच्या मित्रांना हे वाचून राग येईल. येऊ द्या. पण त्यांनी एक कुस्ती आठवावी. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला हरवले. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. गुणफरक तिथेही एकाचाच, ३-२. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि अख्ख्या मैदानाने दोघांना मिळून टाळ्या दिल्या. महेंद्रही त्याच वस्तादांच्या हाताखाली तयार झाला. त्याच्याकडे ताकद आहे, उंची आहे, वय आहे. अहिल्यानगरला तो चुकला, आणि त्याची चूक पंचाच्या चुकीने फिटत नाही.

यंदाच्या हंगामात गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी कुस्त्यांच्या पत्रकावर, पाहुण्यांच्या नावांच्या वर, दोन ओळी छापाव्यात. वेळ संपण्याआधी फड सोडणाऱ्या पैलवानाला इनाम मिळणार नाही. पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या वर्षी फडात बसू दिले जाणार नाही. पहिली ओळ छापायला कमिटीला काहीच वाटणार नाही. दुसरी छापताना हात अडखळेल, कारण धावून जाणारा बहुधा कमिटीतल्याच कुणाचा तरी पुतण्या असतो. तरी आधी तीच छापा.