बीज नोंदवा: संगणकीय यदृच्छेचा विसरलेला पुरावा

१/ संदर्भाविना केलेले विधान इतिहासात ग्राह्य धरले जात नाही. संगणकीय प्रयोगांना मात्र ही सवलत आजही मिळते. ज्या आकड्यापासून यंत्राची यादृच्छिक संख्यामालिका सुरू होते, ते ‘बीज’ कित्येकदा नोंदवलेच जात नाही. ही किरकोळ हयगय नव्हे. पुरावा हरवण्याचाच हा प्रकार आहे. #थ्रेड

२/ संगणकापूर्वी यादृच्छिक अंक छापील मिळत. १९२७ साली इंग्लंडमध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांवरून ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. एका संशोधकाने पान आणि ओळ सांगितली की दुसऱ्याला नेमके तेच अंक सापडत.

३/ १९४८ मध्ये अमेरिकेत ‘एनिॲक’ संगणकावर अण्वस्त्रांसाठी न्यूट्रॉनांच्या वाटचालीचे गणित मांडले गेले. न्यूट्रॉन शोषला जाईल की विखंडन घडवेल, याचा प्रत्येक निर्णय यादृच्छिक आकड्यावर सोपवलेला. हीच ‘माँटे कार्लो’ पद्धत. परंतु यंत्राच्या २० संचयकांत प्रत्येकी १० अंकच मावत. लांबलचक कोष्टक ठेवणार कुठे?

४/ जॉन फॉन नॉयमन यांचा तोडगा सोपा होता: संख्येचा वर्ग करा, मधले अंक घ्या, पुन्हा वर्ग करा. उदाहरणार्थ, १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९. मधले अंक ३२१५. पुढे ३३६२. मालिका स्वैर भासते, पण पहिल्या आकड्याने ती पूर्णपणे बांधलेली असते.

५/ ही खरी यदृच्छा नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अंकगणितातून यदृच्छा काढू पाहणाऱ्याला त्यांनी १९५१ च्या निबंधात थट्टेने पापीच ठरवले. तरीही भौतिक स्रोतांवर त्यांचा आक्षेप ठाम होता: तेच गणित पुन्हा करून तपासता येत नाही.

६/ मँचेस्टरमध्ये नेमका उलटा मार्ग निवडला गेला. ‘फेरांटी मार्क १’ (१९५१) या संगणकात ॲलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून विद्युत-गोंगाटातून अंक देणारी आज्ञा होती. यदृच्छा अस्सल, परंतु दुसऱ्या वेळी तेच अंक मिळण्याची सोय नाही. निकाल बिघडला तर दोष यंत्राचा, आज्ञावलीचा की नशिबाचा, हे ठरवणार कसे?

७/ अर्थात, नोंदवलेले बीज म्हणजे निर्दोष मालिका नव्हे. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! मालिका जागीच थिजते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रूढ झालेल्या ‘रँडू’ सूत्राचे सलग तीन-तीन आकडे बिंदू म्हणून अवकाशात मांडले, तर ते सारे अवघ्या १५ समांतर प्रतलांत बसतात. सूत्र उघड असल्यामुळेच असा दोष कोणालाही तपासता येतो.

८/ गुप्ततेचा न्याय वेगळा. नेटस्केप ब्राउझरचे बीज मुख्यतः घड्याळाची वेळ आणि प्रक्रिया-क्रमांक यांवरून बनते, हे १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी उघड केले. बीज ओळखता आले की सांकेतिक कुलूप उघडलेच. म्हणून कुलपाचे बीज लपवावे, संशोधनाचे जाहीर करावे.

९/ आक्षेप असा, की सोयीचा निकाल देणारे बीज निवडून कोणी फसवू शकेल. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय बीज लपवण्याचा नसून, अनेक बिजांचे सर्व निकाल मांडण्याचा आहे. शिवाय एकटे बीज अपुरे: २०१९ मध्ये ‘आर’ भाषेच्या ३.६.० आवृत्तीत नमुना निवडण्याची रीत बदलली आणि जुन्याच बिजातून वेगळे नमुने येऊ लागले.

१०/ तेव्हा सूत्राचे नाव, आज्ञावलीची आवृत्ती आणि वापरलेली सर्व बिजे, एवढी तळटीप प्रत्येक संगणकीय निष्कर्षाखाली असलीच पाहिजे. ती नसेल, तर वाचकाने त्या निष्कर्षाला ऐकीव वार्तेइतकेच वजन द्यावे.