महामारी, नेतृत्व आणि घरातला शब्द

फेब्रुवारी 2021 चा अखेरचा आठवडा वऱ्हाडातील व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहे. कापसाची आवक उतरणीला लागली होती, नवी तूर बाजारात येत होती आणि वर्षभर अडकलेली उधारी आता वसूल होईल अशी आशा वाटू लागली होती. तेवढ्यात 21 फेब्रुवारीला अमरावतीच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांसाठी आठवड्याभराची टाळेबंदी जाहीर केली. शेजारच्या अकोला जिल्ह्याचे पालकमंत्री बच्चू कडू होते. तेथील शहरांतही त्याच सुमारास दुकानांना टाळी लागली. हिवरखेड नावाची दोन गावे आपल्याकडे आहेत. एक तेल्हारा तालुक्यात, अकोला जिल्ह्यातले. दुसरे मोर्शी तालुक्यात, अमरावती जिल्ह्यातले. एका हिवरखेडच्या पालकमंत्री महिला, दुसऱ्याचे पुरुष. पण दोन्हीकडचा माल अडला तो सारखाच. रोगाने पालकमंत्री पाहिला नाही.

हे स्मरण्याचे कारण असे की, त्याआधीच्या वर्षी जगभर एक प्रश्न चर्चेत होता : ज्या देशांच्या प्रमुख महिला आहेत, त्या देशांनी महामारी अधिक चांगली हाताळली काय? सुप्रिया गरिकिपाटी आणि उमा कंभमपाटी या ब्रिटनमधील दोन अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी 194 देशांची आकडेवारी तपासली. त्यांपैकी केवळ 19 देशांचे नेतृत्व महिलांकडे होते. लोकसंख्या, संपन्नता अशा बाबतींत जवळच्या असणाऱ्या देशांशी तुलना केल्यावर त्यांना आढळले की, पहिल्या लाटेच्या आरंभी महिला नेत्यांनी टाळेबंदी लवकर केली आणि त्यांच्याकडे मृत्यू कमी झाले.

उदाहरणे ठळक होती. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी 25 मार्च 2020 च्या रात्रीपासून देश बंद केला, तेव्हा तेथे या रोगाने एकही मृत्यू झालेला नव्हता. सुमारे 50 लाखांच्या त्या देशात वर्षअखेर मृतांची संख्या 25 होती. लोकांचे उत्पन्न बुडत असताना पंतप्रधान आणि मंत्र्यांनी सहा महिने स्वतःच्या वेतनात 20 टक्के कपात स्वीकारली. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल मुळात शास्त्रज्ञ. त्यांनी जनतेला परिस्थितीचे गांभीर्य आडपडदा न ठेवता सांगितले. तैवानमध्ये त्साई इंग-वेन अध्यक्ष असताना 2020 सालात केवळ सात मृत्यू झाले.

परंतु खतावणीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. बेल्जियममध्ये संकटाच्या आरंभी सोफी विल्मेस पंतप्रधान होत्या आणि तरीही लोकसंख्येच्या मानाने तेथील मृत्यू जगातील सर्वाधिक मृत्यूंत मोडले. उलट व्हिएतनामचे नेतृत्व पुरुषांकडे असून त्या वर्षी तेथे अवघे 35 मृत्यू नोंदले गेले. तैवानच्या यशातही 2003 च्या सार्स साथीतून घेतलेला धडा होता आणि साथरोगतज्ज्ञ असलेले उपाध्यक्ष होते. पुढे अन्य संशोधकांनी हीच तुलना केली, तेव्हा मृत्यूंच्या संख्येत स्त्री-पुरुष नेतृत्वामुळे ठोस फरक पडल्याचे दिसले नाही. तेव्हा स्त्री म्हटली की यश निश्चित, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

मग त्या अभ्यासातून आपण घ्यावे काय? दोघी विदुषींनी सुचविलेली एक गोष्ट व्यापाऱ्याला चटकन उमजेल. त्यांच्या मते, महिला नेत्यांनी माणसांच्या जिवाबाबत धोका पत्करला नाही; पैशाबाबत मात्र तो पत्करला. तोटा अटळ असेल तर कोणता तोटा आधी सोसायचा, हाच तर व्यापाराचाही नित्याचा प्रश्न. आज गल्ला बंद ठेवायचा, की उद्या माणूस गमवायचा? पुरुष नेताही याचे योग्य उत्तर देऊ शकतो. मात्र निर्णयाची झळ ज्यांना लागणार, त्यांचा आवाज बैठकीत असेल तर ते उत्तर लवकर सापडते.

हा आवाज नसला तर काय होते, हे महाराष्ट्राने 1897 मध्ये पाहिले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले, स्त्रियांच्या तपासणीत त्यांची अप्रतिष्ठा झाली आणि लोकक्षोभ विकोपाला गेला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगने ग्रासल्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. सेवेत स्त्री सर्वांत पुढे, निर्णयात मात्र कोठेच नाही. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा लागू झाला आणि चित्रही पुष्कळसे तसेच राहिले. गावोगाव घरोघरी फिरून ताप तपासणाऱ्या आशा कार्यकर्त्या सर्वच्या सर्व स्त्रिया होत्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु त्याआधी, जून 2021 मध्ये, योग्य मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला होता.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या बोलीत रुळला. पेढीवर तरी वेगळे काय? कित्येक फर्म घरातील सुनेच्या नावावर असतात. नोंदणी तिची, चेकवरची सही तिची. पण कर्ज काढायचे की नाही, दुकान वाढवायचे की नाही, यात तिला विचारतो कोण? टाळेबंदीत याच सुनेने घरातील वृद्धांची औषधे, मुलांचा मोबाइलवरचा अभ्यास आणि आटलेला घरखर्च यांचा मेळ घातला. गल्ला बंद असताना घर किती दिवस तग धरील, याचा खरा हिशेब तिच्याजवळ होता.

एखाद्या देशाचे नेतृत्व कोणाकडे जावे, हे आपल्या हाती नाही. पेढीचा पुढचा मोठा निर्णय आपल्या हाती आहे. तो घेताना, जिची सही कागदावर घ्यायची तिचे मत आधी घ्यावे. आणि ते आपल्या मताविरुद्ध गेले तरी पुरते ऐकून घ्यावे.