कौल, स्वयंभू संख्या आणि समीक्षकाचे ‘नाही’

गोडेलचे नाव आपल्याकडच्या समीक्षेत फार सैल हाताने घेतले जाते. १९३१ साली गणितच अपूर्ण ठरले, तेव्हा कोणताही अर्थ निश्चित नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष त्यातून काढतात. तो मला मान्य नाही.

चंदगडचे ग्रामदैवत रवळनाथ. ह्या दैवताच्या कोकण-गोव्यातील अनेक देवळांत कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली कोणती पाकळी आधी पडते, त्यावरून उत्तर मिळते. भाविक त्या पडण्यात देवाची इच्छा पाहतो, गणिती नियम शोधतो. पण नियम सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असे म्हणता येईल का?

कधी कधी येते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘स्वयंभू’ संख्या शोधल्या. १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ येतात; म्हणून १५ ही २१ची जनक. २० ला असा जनक नाही. तिच्याआधीच्या संख्या तपासल्या की हे ‘नाही’ निर्विवाद सिद्ध होते.

यादृच्छिकतेचे तसे नाही. कोल्मोगोरोव आणि चायटिन यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या व्याख्येनुसार, जिचे वर्णन तिच्याहून थोडक्यात करता येत नाही ती अंकमालिका यादृच्छिक. छोटी वर्णने मोजकीच असल्याने बहुतेक लांब मालिका अशाच असणार, हे सिद्ध आहे. मात्र कोणतीही एक गृहीतक-प्रणाली घ्या. एका मर्यादेपलीकडच्या कोणत्याही विशिष्ट मालिकेबद्दल तिला ते सिद्ध करता येत नाही. कारण ‘जिचे वर्णन दहा हजार चिन्हांत मावत नाही असे सर्वप्रथम सिद्ध होते ती मालिका’ हेच तिचे चिमुकले वर्णन होऊन बसेल!

म्हणजे ज्ञानाची ही सीमा संशयाने आखलेली नाही. ती सिद्धतेने आखलेली आहे. साहित्याला प्रमेये लागू पडत नाहीत हे खरे, पण ह्यातली विषमता आपण ध्यानी घ्यावी. कवितेत आकृतिबंध आहे असे म्हणणाऱ्याने तो दाखवावा. तेथे ‘सगळेच सापेक्ष’ ही पळवाट नाही. आकृतिबंध नाहीच असे म्हणणारा मात्र बहुधा एवढेच सांगत असतो की त्याचा शोध तेथे थांबला. दुर्बोध म्हणून बाजूला सारलेल्या कवितांविषयी वर्गात बोलताना आपण कोणते ‘नाही’ उच्चारतो आहोत, कापरेकरांचे की आपल्या थकव्याचे, हे विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगायला हवे.