वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील एखाद्या पाड्यावरची वृद्धा रोजगार बुडवून रास्त भाव दुकानाच्या रांगेत उभी राहते. यंत्रावर अंगठा टेकविते आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकून रिकामी पिशवी घेऊन परतते. दोष कोठल्या दूरच्या केंद्राचा की दरीत हरवलेल्या नेटवर्कचा, हे तिला सांगणारे कोणी नसते. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले होते. ज्या भूमीतून या संगणकीय व्यवस्थेचा श्रीगणेशा झाला, तिथल्या माणसाला ती व्यवस्था किती विश्वासाची वाटते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या व्यवस्थेच्या मुळाशी आभासीकरणाचे तंत्र आहे. पूर्वी प्रत्येक खाते आपला स्वतंत्र सर्व्हर बाळगत असे. त्याची बहुतांश क्षमता पडून राही. वीज आणि वातानुकूलन मात्र अहोरात्र खर्ची पडे. आभासीकरणात ‘हायपरवायझर’ नावाची आज्ञावली एकाच बलदंड यंत्राचे अनेक स्वतंत्र संगणक करून देते. जणू एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे. भिंती सामाईक, पण प्रत्येकाचे कुलूप वेगळे! ही कल्पना आयबीएमने 1960 च्या दशकातच मोठ्या संगणकांवर राबविली होती. 1999 पासून व्हीएमवेअरने ती साध्या संगणकांवर आणली. महाराष्ट्र शासनाने आपल्या माहिती केंद्रात ‘महागव्ह क्लाउड’ उभारून हाच मार्ग धरला आणि केंद्र सरकारने 2014 साली ‘मेघराज’ उपक्रम हाती घेतला. जनतेच्या पैशाची उधळपट्टी थांबविणारे हे पाऊल स्वागतार्हच आहे.

परंतु वाड्याला आग लागली, तर सगळीच बिऱ्हाडे उघड्यावर येतात. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात बॅटरीमुळे आग लागली आणि 709 शासकीय प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील 858 टेराबाइट माहिती भस्मसात झाली. तिची दुसरी प्रतच नव्हती! तंत्रज्ञानात अग्रेसर म्हणून मिरविणाऱ्या देशाची ही कथा. महाराष्ट्रालाही 21 जून 2012 रोजी मंत्रालयात लागलेल्या आगीने असाच धडा दिला होता. तेव्हा कागद जळाले. पण कागद असो वा संगणक, एकाच ठिकाणी ठेवलेले सर्वस्व हे संकटाला दिलेले आमंत्रणच ठरते.

म्हणून एकत्रीकरण हवे. पण त्याच्या जोडीला दूरच्या भूकंपक्षेत्रात दुसरे केंद्र हवे, आणि पहिले मुद्दाम बंद करून दुसऱ्यावर काम चालविण्याचा नियमित सरावही हवा. वापरून न पाहिलेली पर्यायी व्यवस्था ही केवळ कागदावरची व्यवस्था होय. यंत्रे कमी केल्याने वाचलेला पैसा शहरातील दालने सजविण्याकडे न वळता सातपुड्यातील शेवटच्या पाड्यापर्यंत जाणाऱ्या तारेकडे वळला पाहिजे. सर्व्हर कितीही सक्षम असला, तरी तिथवर पोहोचणारी वाटच तुटलेली असेल, तर त्या क्षमतेचा पाड्याला काय उपयोग?

आधार पडताळणी न झाल्याच्या कारणावरून पात्र कुटुंबाचे धान्य नाकारू नये, असे केंद्राने 2017 साली राज्यांना कळविले होते. यंत्र अडले, तर नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे, हा त्याचा सरळ अर्थ. तो प्रत्येक दुकानाच्या फलकावर लिहिला जावा आणि अंमलात येतो की नाही, हे गावातील जाणत्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. किती सर्व्हर कमी झाले, याचा हिशेब अधिकारी ठेवतीलच. किती पिशव्या रिकाम्या परतल्या, याचा हिशेब समाजाने ठेवायचा आहे.