तुमची वही तुम्ही बघितलीत का?

वीकएण्डला अहमदाबाद हायवे पकडला की डहाणूचा फाटा मागे पडतो आणि तलासरी लागतं. आपण चहा मारून पुढे सटकतो. पण उधारीचा जबरदस्त धडा याच तालुक्यात आहे. एकेकाळी इथले वारली तरुण लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटणार कसं? हिशेब मालकाच्या हातात! १९४५ मध्ये तलासरीतल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली, गोदावरी परुळेकर तिथे होत्या, आणि वेठबिगारीला नकार द्यायचं ठरलं.

ती गुलामगिरी होती. आपला ईएमआय तसा नाही, मान्य. पण आपल्याबद्दल काय लिहिलंय हे आपल्यालाच माहीत नसणं आजही महागात पडतं. आजची वही म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. ती ठेवतात चार कंपन्या : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९००. प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर अजिबात घसरत नाही!

रिपोर्टमध्ये काय बघाल? 'डीपीडी' म्हणजे हप्ता किती दिवस लटकला ते. मित्राच्या लोनला जामीन राहिला असाल, तर त्याने थकवलेले हप्ते तुम्हालाही भोवतात. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

सगळ्यात फसवा शब्द 'सेटल्ड'. रिकव्हरीवाला म्हणतो, "साहेब, अर्धे भरा, विषय संपला." विषय संपत नाही. बँकेने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं, अशी ती नोंद असते आणि पुढचा मॅनेजर तीच आधी वाचतो. जमेल तेव्हा बाकी भरा, 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून घ्या.

स्कोअर बिघडला असेल तर फंडा सोपा, पण हळू चालणारा. आधी थकबाकी भरा. कार्डाचं 'मिनिमम ड्यू' नव्हे, पूर्ण बिल भरा. लिमिटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच खर्च ठेवा. एकाच महिन्यात पाच बँकांकडे अर्ज टाकू नका. कुणीच कार्ड देत नसेल तर एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घ्या आणि ते वेळेवर फेडत राहा. 'आठवड्यात स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्याला मात्र लांबूनच नमस्कार. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही.

चार कंपन्या, चार फुकट रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एक मागवा, वर्षभर वहीवर नजर राहील. पहिला आजच, लंच टाइममध्ये!